सहीनंतरचं काम

कोल्हापुरात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्याला उद्योग शोधायला लांब जावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्र्याच फाउंड्र्या. मेकॅनिकलच्या पोरांना घेऊन तिथं जाता-येता जे उमगत गेलं, ते सांगतो.

१. कॉलेज आणि कारखान्यातला सामंजस्य करार दोन संस्थांचा असतो, पण तो चालवतो एखादाच माणूस. आमच्यासाठी तो वाळूच्या प्लँटवरचा सुपरवायझर होता. मूठभर वाळू दाबायची, गोळा मोडून बघायचा आणि ओल कमी की जास्त ते सांगायचं. मग मुलांनी यंत्रावर ताडून पाहायचं. शिफ्ट सांभाळून तो हे करी. आता कराराची बोलणी सुरू झाली की मी आधी विचारतो, मुलांना शिकवण्यात गेलेला वेळ त्या माणसाच्या कामात धरणार का?

२. खरा प्रश्न मिळाला की विषयांमधल्या भिंती पडतात. एका फाउंड्रीत ब्लोहोलमुळे, म्हणजे धातूत राहिलेल्या पोकळ्यांमुळे, कास्टिंग रिजेक्ट होत होती. वाळूत पाणी जास्त झालं की त्याची वाफ धातूत अडकते, हे पुस्तकात आहेच. मुलांनी मिक्सरपाशी ओलावा मोजला, तर तो अगदी हवा तेवढा! एक मुलगी मात्र वाळूच्या मागोमाग साच्यापर्यंत चालत गेली. ओतकामातून परतलेली वाळू पुरती निवलेलीच नव्हती. गरम वाळूतली वाफ साच्यातल्या गार कोअरवर दवासारखी जमत होती. म्हणजे मिक्सरवरचा आकडा खरा होता, पाणी मात्र भलत्या ठिकाणी जाऊन बसलं होतं. हीट ट्रान्सफर आणि कास्टिंग आम्ही वेगवेगळ्या सत्रांत शिकवतो, वेगळे पेपर काढतो. वाळूला ते वेळापत्रक ठाऊक नसतं.

३. दोन आठवड्यांत कारखाना नुसता दिसतो. भट्टीची धग, आवाज, जड बूट यांची सवय होईतो इंटर्नशिप संपलेली असते. पिलानीच्या बिट्सनं १९७३ मध्ये प्रॅक्टिस स्कूल सुरू केलं, त्यात शेवटच्या वर्षाचं एक अख्खं सत्र उद्योगात जातं आणि त्याचे क्रेडिट मिळतात. त्याही आधी, १९०६ मध्ये, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत हर्मन श्नायडर यांनी वर्गात आणि कारखान्यात आलटून-पालटून शिकवायला घेतलं होतं. दोन्हीकडे हा वेळ अभ्यासक्रमातूनच काढला गेला. मला तेच पटतं.

४. मुलांना पाठवून शिक्षकानं कॉलेजात बसून चालत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्याआधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. प्रत्येकानं कारखाना काढावा असं नाही, पण फळा आणि यंत्र यांत तेव्हा इतकं अंतर नव्हतं, हे विसरू नये.

५. लहान कारखानदाराची अडचण खरी असते. वितळलेल्या लोखंडाजवळ नवखी मुलं वावरणार, ती जोखीम त्याची. सुपरवायझरचे तास त्याचे. एकानं मला सरळ विचारलं, "सर, शिकवायचं आम्ही आन् पोरं जाणार पुण्याला. मग आमच्या हातात काय ऱ्हातंय?" त्याला पटेल असं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. हल्ली प्रत्येक प्रकल्पाची वही मुलं मराठीत लिहून कारखान्यात ठेवतात: काय मोजलं, कुठं मोजलं, काय जमलं नाही. ब्लोहोलच्या त्या फाउंड्रीत वाळूचं तापमान आता ओलाव्यासोबत रोज टिपलं जातं. पुढची तुकडी त्या नोंदींवरूनच काम सुरू करते.