लाल आकडा काय सांगतो, ते ऐक

अगं, पीआरवर कोड तपासणाऱ्या सोनारक्यूबचा लाल शेरा आला म्हणून इतकी हिरमुसू नकोस. शेरा तुझ्यावर नाही, त्या एका फंक्शनवर आहे. आणि तो घालवायला घाईघाईने फंक्शनचे चार तुकडे करत बसू नकोस. आधी शेऱ्यातला आकडा येतो कुठून, ते बघ.

थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली मांडलेली मोजणी म्हणजे सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. नाव भारदस्त, पण हिशेब सोपा: इफ, लूप, स्विचमधली प्रत्येक केस, असे फंक्शनमधले निर्णय मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. चार इफ असतील तर आकडा ५. म्हणजे त्यात पाच स्वतंत्र वाटा आहेत. टेस्ट किती लागतील याचा अंदाज तिथेच मिळतो. मॅककेब यांनी १० ची मर्यादा सुचवली होती, पण लांबलचक स्विचला त्यांनीच सूट दिली. तेव्हा १० ला ब्रह्मवाक्य समजू नकोस.

या मोजणीला एक गोष्ट मात्र दिसत नाही. समज, तू एसटीच्या तिकिटाचं फंक्शन लिहिते आहेस. मार्ग आहे का? असेल तर तारीख बरोबर आहे का? असेल तर गाडी आहे का? असेल तर जागा आहे का? हे चार इफ एकाच्या पोटात एक लिही, नाहीतर ओळीने लिहून नकार आला की तिथूनच परत फीर; मॅककेबच्या हिशेबात दोन्ही ५. वाचणाऱ्याला मात्र पहिल्यात चारही अटी डोक्यात धरून आत उतरावं लागतं. म्हणून सोनारक्यूब बनवणाऱ्या सोनारसोर्सच्या अ‍ॅन कॅम्पबेल यांनी कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी मांडली. तिच्यात जितकं खोल, तितका दंड जास्त. पोटातले चार इफ १, २, ३, ४ असे मिळून १०. ओळीतले फक्त ४. एकही नियम न बदलता आकडा निम्म्याहून खाली!

आता त्याच तिकिटातल्या सवलती घे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, महिलांना अर्धं, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं. मग ७८ वर्षांच्या आजी अर्ध्या तिकिटात बसतात की मोफत? इफच्या माळेत याचं उत्तर कुठली अट आधी लिहिली यावर ठरतं, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा नियमांचा एक तक्ता कर: कोण, किती सवलत. लागू होणाऱ्यांतली सर्वांत मोठी सवलत एका लूपने निवड. उद्या नवी सवलत आली तर तक्त्यात एक ओळ वाढेल, बाकी कोडला हात लागणार नाही.

फसवी पळवाटही सांगून ठेवते. लांब फंक्शन मधेच कापून प्रोसेस१, प्रोसेस२ अशी नावं दिली की टूल गप्प बसतं. वाचणारी मात्र तीन फाइलींत धावत सुटते. तुकडा तेव्हाच पाड, जेव्हा त्याचं नाव वाचून आत डोकवायची गरज पडत नाही. लांबलचक अटीलाही ‘ज्येष्ठ_आहे’ असं नाव दे; आकडा तेवढाच राहिला तरी वाचणं सोपं होतं.

आणि हो, आधी टेस्ट लिही, मग हात लाव. रचना बदलणारा कमिट वेगळा, नवं काम करणारा वेगळा. रिव्ह्यू करणारी दुवा देईल. सुरुवात कुठून करायची? आकडा मोठा आणि गिटमध्ये दर आठवड्याला बदल, अशा फाइलीपासून. वर्षानुवर्षं न हललेल्या कोडला उगाच डिवचू नकोस.

एवढं करूनही आकडा मर्यादेच्या जरा वरच अडला आणि नियमच तसे किचकट असले, तर तसं रिव्ह्यूमध्ये स्पष्ट लिही आणि ठाम राहा. सहा महिन्यांनी ती फाइल उघडणाऱ्या मुलीला पहिल्या वाचनात कळली पाहिजे, बस्स.