सातारा-सांगलीचा छोटा प्रवास

प्रश्न : दिवाळीनंतर वृद्ध मातोश्रींसह सातारा व सांगली ही ऐतिहासिक शहरे पाहण्याचा मानस आहे. दोन्ही शहरे लगतची असल्याने एका दिवसात सारे उरकेल, असे स्नेही म्हणतात. हे शक्य आहे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या स्नेह्यांचा समज यथार्थ नाही; या दोन शहरांत सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर आहे, म्हणून तीन दिवसांची सवड काढावी, म्हणजे मातोश्रींनाही प्रवास सुखकर होईल.

पहिला मुक्काम साताऱ्यास करावा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक ज्या नगरीत झाला, तिचा अजिंक्यतारा किल्ला आपण पाहावा. मातोश्रींना मात्र चढ टाळून कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील क्षेत्र माहुलीची प्राचीन देवालये दाखवावीत.

दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यातीलच औंधास जावे. तेथील तत्कालीन संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली स्थापिलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूरच्या शिल्पापर्यंतचा जो संग्रह आहे, तो घाईने पाहणे म्हणजे न पाहण्यासारखेच होय. सायंकाळी सांगलीस दाखल व्हावे.

तिसऱ्या दिवशी कृष्णाकाठचे गणपती मंदिर आणि निकटच असलेल्या मिरजेत, थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ जेथे चिरविश्रांती घेत आहेत तो दर्गा व सतार घडविणाऱ्या कारागिरांची दुकाने पाहावीत.

संग्रहालयाच्या साप्ताहिक सुटीची चौकशी आगाऊ करावी, निवासाची तजवीजही आधीच ठेवावी आणि घाटाच्या पायऱ्यांवर मातोश्रींचा हात धरावा. पावसाळ्यात कृष्णेस पूर येतो. मात्र आपण निवडलेला दिवाळीनंतरचा काळ सर्वथा अनुकूल आहे, तेव्हा निःशंकपणे निघावे.