वाय दाबण्याआधी

अर्धापुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक अभ्यासिका आहे. तिथले जुने संगणक मी बघतो. सगळ्यांवर डेबियन १२ आहे. अर्ज भरायच्या गर्दीतच फोन आला, "सर, काहीच दिसंना, नुसते अक्षरं येऊलालेत."

डेबियनवर पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्टच्या नोंदवहीत, म्हणजे हिस्टरी लॉगमध्ये, सगळं लिहिलेलं होतं. एका मुलाने उबुंटू २४.०४ साठीचं .डेब पॅकेज नेटवरून उतरवलं होतं. तयार पॅकेज ज्या लायब्रऱ्या धरून कंपाइल केलेलं असतं, त्या समोरच्या संगणकावर लागतातच. त्यातली मूळ लायब्ररी ग्लिबसी उबुंटू २४.०४ मध्ये २.३९, डेबियन १२ मध्ये २.३६. पॅकेज अडलं, म्हणून त्याने उबुंटूचं भांडारच डेबियनच्या यादीत जोडलं. मग ॲप्टने विचारलं: एवढी पॅकेजं काढावी लागतील, काढू का? त्या यादीत डेस्कटॉप होता. वाय दाबलं गेलं.

मी त्याला रागावलो नाही. २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या नावाजलेल्या यूट्यूबरचा डेस्कटॉप पॉप ओएसवर 'स्टीम' बसवताना असाच गेला, तोही स्पष्ट इशारा पडद्यावर असताना. डेबियन तर डेस्कटॉपला अत्यावश्यक मानतच नाही. तो एका वायवर जातो. ग्लिबसी मागे नेणं भरवशाचं नसतं, म्हणून मुलांच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून सगळं नव्याने बसवलं.

तेव्हापासून मुलांना सांगतो: आधी 'ॲप्ट सर्च' करा. मराठीसाठीचा लोहित फॉन्टसुद्धा लोक बाहेरून उतरवत बसतात, तो डेबियनच्या भांडारातच आहे. नवी आवृत्ती हवीच असेल तर बॅकपोर्ट्स बघा, त्यातली पॅकेजं डेबियन १२ साठीच बांधलेली असतात. आणि शंका आली की इन्स्टॉलच्या आज्ञेत '-एस' घाला. काहीही न बदलता काय येणार, काय जाणार ते दिसतं. 'रिमूव्ह्ड' खालची नावं एकेक वाचा. एक जरी नाव अनोळखी वाटलं तरी थांबा, विचारा.

आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही. पॅकेज उतरताना गेली तर फारसं बिघडत नाही, ॲप्ट अर्धवट फाइल पुढे चालू करतं. बसवताना गेली तर मात्र घाबरून बाहेरची काही फाइल आणू नका. लाईट आल्यावर पहिल्यांदा 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. अर्धवट राहिलेलं काम तिथूनच पुढे सरकतं.