लाल खडू शेवटी द्या

स्ट्रॉबेरीच्या वाफ्याचं चित्र समोर ठेवलं की मुलं आधी लाल खडूवर झडप घालतात. तेवढा एक खडू आपल्याकडे ठेवा आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या हातात द्या. रंगवताना लहान मुलाचा तळहात कागदावर टेकलेला असतो. लाल तेलखडू आधी लावला की हात सरकेल तसा तो चित्रभर पसरतो. पांढरी फुलं गुलाबी होतात, पिवळं नारिंगी होतं आणि हिरव्यात लाल मिसळला की पानं मातकट दिसू लागतात. मातकट झालेलं पान मग कितीही हिरवं घासलं तरी उजळत नाही आणि मूल हिरमुसून उठून जातं. म्हणून पिवळा, पोपटी, हिरवा, मातीचा रंग आणि मग लाल, असं फिक्याकडून गडदाकडे जा. उजव्या हातानं रंगवणाऱ्याला वरून, डाव्या कडेकडून सुरुवात करायला सांगा. डावखुऱ्याला उजव्या कडेकडून. हाताखाली एक कोरा कागद ठेवला तर फारच छान.

हंगाम असेल तर रंगवायला बसण्याआधी चार स्ट्रॉबेऱ्या आणा. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीत बाजारात येते आणि मार्चपर्यंत सहज मिळते. फळ मुलाच्या हातात द्या आणि विचारा, हिच्या बिया कुठे आहेत? पेरू, पपई, कलिंगड, सगळ्यांच्या बिया पोटात. हिच्या मात्र अंगावर. प्रत्येक बी एका बारीकशा खळग्यात बसलेली असते. खरं म्हणजे त्या पिवळसर ठिपक्यांतला एकेक ठिपका हेच तिचं फळ, आत इवलीशी बी असलेलं. आपण चवीनं खातो तो लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की त्याचे डोळे विस्फारतात, आणि मग तो ठिपके उगाच कुठेही देत नाही. फळ उभं कापून आतला फिका, पांढरट-गुलाबी भागही दाखवा. हिरव्या झालरीखाली, खांद्यापाशी, रंग बहुधा फिकट राहिलेला असतो. चित्रातही तेवढी जागा पांढरट सोडली की स्ट्रॉबेरी लगेच रसरशीत दिसते.

आता ठिपक्यांची युक्ती सांगते. फळावर आधी पिवळा तेलखडू दाबून, कागद झाकेल असा लावून घ्या. त्यावर लाल चढवा. मग शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकानं हलकेच एकेक ठिपका खरवडा. लालाखालचा पिवळा वर येतो. ठिपके एकाखाली एक देऊ नका. एका ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध खालच्या ओळीतला एक, असे द्या. जलरंग वापरणार असाल तर उलट करा: आधी मेणाच्या पिवळ्या खडूनं ठिपके द्या आणि वरून लाल पाणी फिरवा. मेण पाणी धरत नाही, ठिपके आपोआप उघडे राहतात. ही जादू चार वर्षांच्या मुलालाही जमते. फळाच्या सावलीकडच्या बाजूला काळा मात्र लावू देऊ नका, लाल मरून जातो. तिथे जांभळा किंवा गडद किरमिजी हलक्या हातानं फिरवावा.

चित्रातली सगळी फळं लाल करायची हौस मुलांना असते. खऱ्या रोपावर तसं नसतं. एकाच रोपावर फूल, हिरवी कच्ची फळं, पांढरट झालेली आणि पिकलेली लाल, अशी सगळी एकाच वेळी दिसतात. हे सांगितलं की मूल स्वतःच ठरवायला लागतं, ही आज पिकली, ही दोन दिवसांनी पिकेल. तिथून चित्र त्याचं होतं. पांढऱ्या फुलाला पांढरा खडू नको. कागद तसाच ठेवावा, मधे पिवळा गोल द्यावा आणि फुलामागचं पान गडद हिरवं करावं, म्हणजे फूल उठून दिसतं. पान बेलाच्या पानासारखं तीन दलांचं, पण कडेला करवतीचे दाते असलेलं.

छापील चित्रांत बहुधा लाकडी कुंपण आणि रोपांखाली पेंढा दिसतो. आपल्याकडे महाबळेश्वर, पाचगणी, भिलारच्या शेतात लाल माती, उंच गादीवाफे आणि त्यावर ताणलेला प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर असतो. फळ मातीला टेकू नये, तण वाढू नये, ओल टिकावी म्हणून तो घालतात. तिकडे जाऊन आलेल्या मुलानं वाफ्यावर चंदेरी रंग फासला तर त्याला अडवू नका, त्यानं पाहिलेलंच काढलं आहे. आणि सहलीला जाणारच असाल तर भिलारला थांबा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत वाचायला पुस्तकं ठेवलेली असतात, मुलांचीही.

दोन भावंडांत एकच चित्र असेल तर कागद वाटू नका, काम वाटा: एकाला पानं, दुसऱ्याला फळं. तीन-चार वर्षांच्या मुलाला जाड खडू द्या, त्याच्या मुठीत तोच बसतो. रेघेबाहेर रंग गेला तर जाऊ द्या.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. मूल उठून गेल्यावर त्याच्या चित्रावर आपला खडू फिरवून ते ‘नीट’ करू नका. सकाळी ते मुलाच्या लक्षात येतं. तुम्हालाही रंगवावंसं वाटत असेल तर दुसरा कागद घ्या आणि त्याच्या शेजारी बसून आपली स्ट्रॉबेरी आपण रंगवा.