घटक ४ : मराठी संहितेची शब्दगणना आणि लिनक्सवरील एक छोटी स्क्रिप्ट

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• दिसायला एकच असलेला मराठी शब्द संगणकास दोन शब्द का वाटतो, हे सांगता येईल.
• शब्दांच्या वारंवारितेची यादी करणारी स्क्रिप्ट तयार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, एखाद्या लेखकाच्या शैलीचा अभ्यास करताना तो कोणते शब्द किती वेळा योजतो, हे पाहावे लागते. पूर्वी हे काम कागदी चिठ्ठ्यांवर चाले. आज उबुंटूसारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर ते विनामूल्य आणि काही क्षणांत होते. मात्र यंत्र अक्षरे मोजत नाही, संकेतांक मोजते. प्रस्तुत लेखकाने एका कथासंग्रहाची अशी यादी प्रथम केली, तेव्हा ‘दुसऱ्या’ हा शब्द तीत दोनदा, वेगवेगळ्या संख्यांसह आला. मजकूर दोन सहाय्यकांनी दोन निरनिराळ्या कळफलकांवर टंकित केला होता. ही बाब नजरेतून सुटती, तर निष्कर्षच चुकला असता.

४.३ एक रूप, दोन संकेतक्रम

‘दऱ्या’ या शब्दातील जोडाक्षर युनिकोडमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारे लिहिलेले आढळते. पहिल्या प्रकारात ऱ (०९३१), हलन्तचिन्ह आणि य असा क्रम असतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबल्यास हा ऱ उमटतो. दुसऱ्या प्रकारात साधा र (०९३०), हलन्तचिन्ह, ‘शून्य रुंदीचा जोडक’ (२००डी) हे अदृश्य चिन्ह आणि मग य येतो.

हे अदृश्य चिन्ह सरसकट पुसून टाकावे, असा मोह होतो. तसे करू नये. ते पुसताच र् चा रफार होतो आणि डोंगरांतील ‘दऱ्या’ जाऊन ‘दर्या’, म्हणजे समुद्र, उरतो. स्वयंपाक करणाऱ्या ‘आचाऱ्यास’ दिलेला निरोप ‘आचार्यास’ पोहोचतो. मराठीत हा भेद अर्थभेदक आहे. म्हणून चिन्ह न पुसता एका संकेतक्रमाचे दुसऱ्यात रूपांतर करावे.

४.४ स्क्रिप्टची मांडणी

१. ‘सीपी’ या आज्ञेने फाइलीची प्रत करावी. मूळ फाइलीस हात लावू नये.
२. ‘सेड’ या आज्ञेने ‘र, हलन्त, जोडक’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालावे. जोडक टंकित करता येत नसल्यास त्याचे ई२, ८० व ८डी हे तीन बाइट लिहावेत. प्रत्येक बाइटापूर्वी उलटी तिरकी रेघ व लहान ‘एक्स’ द्यावा.
३. ॲ हा वर्णही स्वतंत्र संकेतांकाने (०९७२) किंवा अ व अर्धचंद्र मिळून लिहिला जातो. तोही सेडनेच एकरूप करावा.
४. विरामचिन्हे सेडमध्ये एकेक नोंदवून काढावीत. ‘टीआर’ ही आज्ञा एकेका बाइटावर चालते, तर यूटीएफ-८ मध्ये दंडास तीन बाइट लागतात. शब्दांमधील मोकळी जागा मात्र एकाच बाइटाची असल्याने तिच्या जागी नवी ओळ घालण्यास टीआर पुरते.
५. शेवटी ‘सॉर्ट’, मग ‘सी’ पर्यायासह ‘युनिक’, मग ‘एन’ व ‘आर’ पर्यायांसह पुन्हा सॉर्ट द्यावे. युनिक केवळ लगतच्या ओळींची तुलना करते. म्हणून आधीचे सॉर्ट गाळता येत नाही.

दुसऱ्या पायरीपासूनच्या आज्ञा ‘पाइप’ या उभ्या रेघेने जोडून एका फाइलीत ठेवाव्यात आणि ती ‘बॅश’ने चालवावी. तीच फाइल पुढील प्रत्येक संहितेस उपयोगी पडते.

४.५ समारोप

संगणक शब्द मोजतो, पण कोणते दोन संकेतक्रम हा एकच शब्द मानावा, हे भाषेच्या अभ्यासकानेच ठरवावे लागते. तो निर्णय स्क्रिप्टमध्ये लिहिलेला असला, म्हणजे इतरांस तो तपासताही येतो.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कुऱ्हाड’ हा शब्द दोन्ही संकेतक्रमांत कसा लिहिला जाईल, ते क्रमवार लिहा.
२. अदृश्य जोडक सरसकट पुसल्यास अर्थ बदलेल, अशी आणखी एक शब्दजोडी शोधा.