इंग्रजी क्रियापदाची ओळख



इंग्रजी शिकतांना शब्द पाठ करणें सोपें. क्रियापद संभाळणें मात्र कठीण. याचें मुख्य कारण असें कीं, आपण मराठी क्रियापदाचें रूप पाहतों आणि त्याच नांवाचें इंग्रजी रूप त्याच्या जागीं बसवितों. परंतु दोन भाषांतील काळांचीं नांवें सारखीं असलीं, तरी त्यांचीं कामें सारखीं नसतात. आई हांक मारते आणि मुलगा आंतून म्हणतो, “आलों!” रूप भूतकाळाचें, पण स्वारी अजून जागची हललेलीही नसते! इंग्रजी मुलगा अशा वेळीं ‘आय ॲम कमिंग’ म्हणेल. ‘आय केम’ म्हणणार नाहीं. म्हणून रूपाचें नव्हे, तर अर्थाचें भाषांतर करावें, हाच या पाठाचा मुख्य नियम होय.

१. काळ

‘मी काल पुण्यास गेलों होतों’ हें मराठी वाक्य निर्दोष आहे. त्यावरून पुष्कळ मुलें ‘आय हॅड गॉन टु पुणे येस्टर्डे’ असें लिहितात, तें चूक. भूतकाळांतील एका गोष्टीच्याही आधीं दुसरी घडली, हें दाखवावयाचें असेल तेव्हां इंग्रजींत ‘हॅड’ येतो. उदाहरणार्थ, ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’. मी पोहोंचण्यापूर्वींच गाडी सुटली होती. अशी दुसरी गोष्ट नसेल, तर ‘आय वेंट टु पुणे येस्टर्डे’ एवढेंच पुरे.

आतां दुसरें वाक्य पाहा : ‘वडील तीन आठवडे आजारी आहेत.’ रजेच्या अर्जांत कोणी ‘माय फादर वॉज इल फॉर थ्री वीक्स’ असें लिहिलें, तर वाचणारा समजेल कीं, दुखणें सरलें व वडील बरे झाले; मग रजा कशास? दुखणें अद्याप चालू आहे, हें सांगण्यास ‘माय फादर हॅज बीन इल फॉर थ्री वीक्स’ असेंच म्हटलें पाहिजे. ‘इज इल सिन्स थ्री वीक्स’ हेंही अशुद्ध. किती काळ, हें सांगतांना ‘फॉर’. केव्हांपासून, हें सांगतांना ‘सिन्स’ : ‘सिन्स मंडे’.

२. संकेत

‘पाऊस पडला तर मी येणार नाहीं.’ येथें ‘पडला’ हें रूप भूतकाळाचें असलें, तरी गोष्ट पुढील आहे. इंग्रजींत ‘इफ’च्या वाक्यांत साधा वर्तमानकाळ येतो : ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम’. ‘इफ इट विल रेन’ असें लिहूं नये.

याहून सूक्ष्म भेद पुढेंच आहे. ‘मजजवळ पैसे असते तर मी हें पुस्तक घेतलें असतें’ हें एकच मराठी वाक्य आजच्या अडचणीविषयीं बोलतां येतें आणि गेल्या वर्षींच्याही. इंग्रजीस हें चालत नाहीं. आज पैसे नाहींत, तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय धिस बुक’. तेव्हां नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट धिस बुक’. पहिल्यांत ‘हॅड’ असूनही काळ आजचाच आहे, हें विसरूं नका. येथें भूतकाळाचें रूप वेळ दाखवीत नाहीं. गोष्ट खरी नाहीं, एवढेंच दाखवितें.

३. क्रियापदाचे सोबती

कांहीं क्रियापदांपुढें ‘टु’ येतो : ‘आय वाँट टु गो’. कांहींपुढें ‘इंग’ लागलेलें रूप येतें : ‘आय एंजॉय रीडिंग’. ‘लेट’ आणि ‘मेक’ यांना दोन्ही नकोत : ‘लेट मी गो’. कांहींपुढें दोन्ही चालतात, पण अर्थ पालटतो. ‘आय रिमेंबर्ड टु पोस्ट द लेटर’ म्हणजे मी आठवणीनें पत्र टाकलें. ‘आय रिमेंबर पोस्टिंग द लेटर’ म्हणजे पत्र टाकल्याचें मला आठवतें. तसेंच ‘ही स्टॉप्ड टु ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा पिण्यासाठीं थांबला; ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्यानें चहा सोडला! म्हणून क्रियापद एकटें पाठ न करतां सोबत्यासह करावें.

अभ्यास

पुढील वाक्यांचें इंग्रजी करा. मगच उत्तरें पाहा.

(१) आम्ही गेल्या रविवारीं सिंहगडावर गेलों होतों.
(२) ती पांच वर्षें येथें शिकत आहे.
(३) गाडी चुकली तर मी चालत येईन.
(४) तूं सांगितलें असतेंस तर मी कालच आलों असतों.
(५) बाबांनीं मला पोहूं दिलें.

उत्तरें : (१) वी वेंट टु सिंहगड लास्ट संडे. (२) शी हॅज बीन स्टडिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स. (३) इफ आय मिस द ट्रेन, आय विल वॉक. (४) इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम येस्टर्डे. (५) फादर लेट मी स्विम.

शेवटीं पालकांस एक विनंती. आपणांस इंग्रजी येत नसलें, तरी या अभ्यासांत आपलें साहाय्य मोठें आहे. मुलानें इंग्रजी वाक्य लिहिलें कीं, त्यास मराठींत तीन प्रश्न विचारावे : गोष्ट घडली कीं नुसती कल्पिली? संपली कीं अद्याप चालू आहे? दुसऱ्या कशाच्या आधींची आहे काय? ज्यास याचीं उत्तरें नीट देतां येतील, त्याचें क्रियापद सहसा चुकणार नाहीं. घरांतील अर्ज व पत्रें पुष्कळदां मुलांच्याच हातून लिहिलीं जातात. त्यांत आपलें म्हणणें जसेंच्या तसें उतरावें, यासाठींच हा खटाटोप.