हांक आणि निरोप: मोबाईलवरील सूचनेचा अभ्यास

करी रोड स्थानकाच्या पुलावर उभें राहून सभोंवार पाहिलें असतां जे उंच मनोरे दृष्टीस पडतात, त्यांपैकीं कित्येकांच्या जागीं पूर्वी कापडाच्या गिरण्या होत्या. ह्या गिरण्यांचे भोंगे हेंच गिरणगांवाचें घड्याळ असे. पाळी सुरू होण्यापूर्वीं भोंगा होई आणि चाळीच्या चाळी जाग्या होत. ज्याचा गिरणीशीं कांहींएक संबंध नाहीं अशा शाळकरी मुलासहि त्या आवाजावरून वेळ कळे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या व त्यांचे भोंगेहि थांबले. आतां हांक मारण्याचें काम प्रत्येकाच्या खिशांतील यंत्र करतें. अ‍ॅप उघडलेलें नसतांहि पडद्यावर जी ओळ अकस्मात् उमटते व जिला पुश नोटिफिकेशन असें म्हणतात, तिचा आज आपण विचार करूं. ह्या लेखांत तिला आम्ही नुसती 'सूचना' म्हणूं.

भोंगा आणि सूचना ह्यांत एक मोठें अंतर आहे. भोंगा सर्वांस एकदम ऐकूं येई. तो कोणाचें नांव घेत नसे कीं कोणाची परवानगी मागत नसे. आजच्या सोयींत त्याच्याशीं खरें साम्य आहे तें सरकारी आपत्ति-इशाऱ्याचें. २०२३ सालीं आपल्या देशांत ज्याच्या चांचण्या झाल्या व ज्यामुळें असंख्य मोबाईल एकाच वेळीं मोठ्यानें वाजूं लागले, तो इशारा टॉवरच्या टापूंतील सर्व यंत्रांस सरसकट जातो. त्याला कोणतेंहि अ‍ॅप लागत नाहीं. अ‍ॅपची सूचना तशी नव्हे. ती एका विशिष्ट यंत्रासाठीं निघते, अनेकांच्या हातांतून जाते, आणि वाटेंत अडकूं किंवा हरवूंहि शकते.

ह्या वर्षीं वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं शाळेसाठीं अ‍ॅप तयार करण्याचा विचार आमच्यापाशीं बोलून दाखविला. पालकांस सुटीची, परीक्षेची, निकालाची सूचना तत्काळ मिळावी असा त्यांचा हेतु आहे. हेतु उत्तम, परंतु "सूचना धाडली कीं काम झालें" असा जो भाव त्यांच्या बोलण्यांत होता, तो दूर व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहों. सूचना ही हांक आहे, निरोप नव्हे. हांक ऐकून माणूस आला म्हणजे त्याला निरोप सांगावयाचा असतो. आणि हांक ऐकूं गेली नाहीं तरी तो निरोप कोठें तरी सुरक्षित असावा लागतो. हें एक सूत्र हातीं धरलें तर पुढील सर्व नियम त्यांतून आपोआप निघतात.

प्रथम सूचनेची गरज कां पडते तें पाहूं. मुंबईकरांस एम-इंडिकेटर हें अ‍ॅप परिचयाचें आहे. सचिन टेके ह्यांनीं तें २०१० सालीं काढलें. त्यांतील लोकलगाड्यांचें वेळापत्रक मोबाईलमध्येंच साठविलेलें असल्यामुळें इंटरनेट नसतांनाहि पाहतां येतें. परंतु आज पावसामुळें गाड्या वीस मिनिटें उशिरां धांवत आहेत, ही गोष्ट साठविलेल्या वेळापत्रकांतून कशी कळणार? ती बाहेरूनच यावयास हवी. तिच्या येण्याचे मार्ग दोन. एक, अ‍ॅपनें आपल्या सर्व्हरला वरचेवर विचारावें, "कांहीं नवीन आहे काय?" दुसरा, नवीन घडतांच सर्व्हरनें आपण होऊन कळवावें. पहिल्या मार्गानें दर मिनिटास एकदां विचारलें तर दिवसाकाठीं १४४० वेळां विचारणें होतें, आणि त्यांपैकीं बहुतेक वेळां उत्तर "नाहीं" असेंच मिळतें. एका मोबाईलवरील तीस अ‍ॅपें असें विचारूं लागलीं तर हीच संख्या ४३,२०० होते. बॅटरी संध्याकाळ कशी पाहणार?

म्हणून दुसरा मार्ग निघाला, व त्यासाठीं सर्व अ‍ॅपांस मिळून एकच सामाईक वाट बांधण्यांत आली. अ‍ॅपल कंपनीनें ती २००९ सालीं सुरू केली व गूगलनें २०१० सालीं. गूगलच्या सेवेचें नांव व रूप पुढें दोनदां बदललें. २०१६ पासून ती फायरबेस क्लाउड मेसेजिंग ह्या नांवानें चालते. मोबाईल आणि ह्या कंपनीचा सर्व्हर ह्यांच्यामध्यें एक जोडणी सतत राखलेली असते, व साऱ्या अ‍ॅपांच्या हांका त्या एकाच जोडणीवरून येतात. आपल्या डबेवाल्यांची रीत आठवा. प्रत्येक घरच्या माणसानें आपापला डबा घेऊन कचेरींत जावें ह्यापेक्षां सर्वांचे डबे एकत्र करून गाडीनें न्यावे, व ज्याचे त्याला वांटावे, ही युक्ति मुंबईंत महादू हावजी बच्चे ह्यांनीं सुमारें १८९० सालीं रूढ केली. डब्याच्या झांकणावर जी खूण असते तिच्यावरूनच मधल्या माणसास तो कोठें उतरावयाचा हें कळतें. जेवणाऱ्याचें नांव ठाऊक असण्याची त्याला जरूर नसते. सूचनेच्या मार्गावर हेंच काम टोकन करतें. अ‍ॅप मोबाईलवर बसलें म्हणजे तें गूगलकडून किंवा अ‍ॅपलकडून एक लांबलचक अक्षरमालिका मिळवितें व ती आपल्या सर्व्हरला कळवितें. पुढें सर्व्हर मजकूर आणि टोकन मिळून कंपनीच्या हवालीं करतो, आणि कंपनी तो मजकूर त्या टोकनाच्या यंत्रावर पोहोंचविण्याचा यत्न करते.

टोकन मात्र कायमचें नसतें, आणि नवशिक्यांची पहिली फजिती येथेंच होते. अ‍ॅप काढून पुन्हां बसविलें, त्यांतील साठा पुसला किंवा नवा मोबाईल घेतला कीं टोकन बदलतें. लालबाग-परळच्या चाळी सोडून किती तरी कुटुंबें डोंबिवलीस व विरारास गेलीं. जुन्या खोलीच्या पत्त्यावर पत्र टाकीत राहिलें तर तें कोणाला मिळणार? म्हणून टोकन बदलतांच अ‍ॅपनें नवें टोकन सर्व्हरला कळविलें पाहिजे. आणि हें टोकन आतां नोंदलेलें नाहीं असें उत्तर कंपनीकडून आलें कीं सर्व्हरनें तें आपल्या वहींतून खोडलें पाहिजे. अँड्रॉइडवर एखादें टोकन २७० दिवस निपचित राहिलें तर गूगल स्वतःच तें बाद ठरवितें.

ह्याहूनहि नाजूक गोष्ट ही कीं टोकन यंत्राचें असतें, माणसाचें नव्हे. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं दोन-तीन भावंडांत एकच मोबाईल असतो. थोरल्यानें आपल्या नांवानें अ‍ॅप उघडलें, मग बंद करून तें धाकटीनें आपल्या नांवानें उघडलें. परंतु सर्व्हरच्या वहींत त्या टोकनापुढें थोरल्याचेंच नांव राहिलें, तर त्याचे गुण धाकटीच्या हातांतील पडद्यावर उमटतील. एखाद्या मुलाला गणितांत किती गुण मिळाले ही गोष्ट त्याच्या आधीं साऱ्या घराला कळावी, हा त्या मुलावर अन्यायच होय. यास्तव अ‍ॅपमधून बाहेर पडतांना टोकन व नांव ह्यांची गांठ सोडलीच पाहिजे. आमच्या मतें निकालाच्या सूचनेंत गुण मुळींच लिहूं नयेत. "निकाल लागला आहे, अ‍ॅपमध्यें पाहावा" एवढेंच पुरे.

परवानगीविषयीं थोडेंसें. आयफोनवर सूचना दाखविण्यापूर्वीं मालकाची संमति आरंभापासूनच घ्यावी लागे. अँड्रॉइडवर २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून ती सक्तीची झाली. आयफोनवर एकदां नकार मिळाला कीं अ‍ॅपला पुन्हां तोच प्रश्न पुढें करतां येत नाहीं. मालकानेंच सेटिंगमध्यें जाऊन मन बदलावें लागतें. म्हणून अ‍ॅप उघडतांच, ओळखपाळख होण्यापूर्वींच, परवानगी मागणें हें अडाणीपणाचें आहे. पालकानें मुलाचा वर्ग निवडला, वेळापत्रक पाहिलें, म्हणजे मग "ह्यांत बदल झाल्यास कळवूं काय?" असें विचारावें. तसेंच अँड्रॉइडवर २०१७ पासून सूचनांचे निरनिराळे प्रवाह करतां येतात. परीक्षा, सुटी, खेळ असे तीन वेगळे ठेवले, तर क्रिकेटच्या सामन्यांना कंटाळलेला पालक तेवढ्याच बंद करील; सारें एकाच प्रवाहांत कोंबलें तर तो सर्वच बंद करील आणि परीक्षेची सूचनाहि तिच्याबरोबर जाईल.

आतां हांक ऐकूं न जाण्याचीं कारणें पाहूं. मोबाईल बंद असणें व इंटरनेट नसणें हीं उघड आहेत. परंतु २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइड यंत्रांत एक निद्रावस्था आली आहे. मोबाईल हालचालीविना, पडदा मिटून, विजेस न जोडतां पडून राहिला कीं तो बॅटरी राखण्यासाठीं झोंपतो, मधून मधून क्षणभर जागा होतो, आणि साधारण दर्जाच्या हांका तेव्हांच घेतो. उच्च दर्जाची हांक मात्र त्याला मध्येंच उठविते. हें ऐकून विद्यार्थी लगेच म्हणतात, "मग सर्वच सूचना उच्च दर्जाच्या करूं." करी रोडला जलद गाडी थांबत नाहीं, हें खरें, पण म्हणून साऱ्याच गाड्या जलद केल्या तर करी रोडच्या उतारूंनीं कोठें उतरावें? शिवाय उच्च दर्जा लावून ज्यांतून मालकाला कांहींच दिसत नाहीं अशा हांका कोणी वारंवार धाडूं लागला, तर गूगल त्यांचा दर्जा उतरवितें. सहलीची आठवण साधारण दर्जानें जावी. पावसामुळें शाळा लवकर सुटत असल्याची सूचना उच्च दर्जानें जावी.

मोबाईल बंद असला तर गूगल हांक साठवून ठेवतें. किती काळ साठवावी हें धाडणाऱ्यानें सांगावयाचें असतें. न सांगितल्यास ती चार आठवडे राहते. ह्यांतील धोका लक्षांत घ्या. सोमवारीं मुसळधार पावसामुळें "आज शाळेस सुटी आहे" अशी सूचना गेली. एका पालकाचा मोबाईल दिवसभर बंद होता. तो मंगळवारीं सकाळीं उघडला व तेव्हां ती ओळ उमटली. 'आज' म्हणजे कोणता दिवस? मूल घरीं राहिलें, आणि त्या दिवशीं परीक्षा असली तर वर्ष बुडण्याची पाळी. म्हणून अशा सूचनेची मुदत तो दिवस मावळेपर्यंतच ठेवावी, आणि मजकुरांत 'आज' हा शब्द एकटा कधींहि न लिहितां वार व तारीख लिहावी. दुसरी सोय अशी कीं, एकाच विषयाच्या अनेक हांकांस एकच खूण दिली तर न पोहोंचलेल्यांपैकीं फक्त शेवटची उरते. गाडी दहा मिनिटें उशिरां, मग वीस, मग तीस. बोगद्यांतून बाहेर आलेल्या उतारूस पहिल्या दोन ओळींचा काय उपयोग?

इतकें करूनहि हांक पोहोंचेलच अशी हमी कोणतीहि कंपनी देत नाहीं, आणि कधीं कधीं एकच हांक दोनदांहि येते. यासाठीं अ‍ॅप जेव्हां जेव्हां उघडेल तेव्हां त्यानें सर्व्हरकडे जाऊन खरी यादी आणावी, सूचना आलेली असो वा नसो. सूचनेवर बोट ठेवलें कीं थेट तेंच पान उघडावें. मुखपृष्ठावर नेऊन सोडणें म्हणजे हांक मारून दाराआड लपणें होय.

शब्दांची निवड ही धाडणाऱ्याची सर्वांत मोठी जबाबदारी. धांवपळींत अर्धवट ऐकलेला शब्द काय करूं शकतो ह्याची आठवण आमच्या भागास आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं, पाऊस कोसळत असतां, करी रोडच्या पुढच्याच परळ स्थानकास एल्फिन्स्टन रोडशीं जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें मरण पावलीं. एका विक्रेत्याचीं फुलें पडलीं व 'फूल' ह्याच्या ठिकाणीं 'पूल पडला' असें लोकांनीं ऐकलें, असें वांचलेल्या एका व्यक्तीचें सांगणें त्या वेळीं वृत्तपत्रांत आलें होतें. रेल्वेच्या चौकशींत मात्र पाऊस व त्यामुळें जमलेली गर्दी ह्यांवरच भर होता. त्यानंतर लष्करानें परळ, करी रोड व आंबिवली येथें पूल उभारले व ते फेब्रुवारी २०१८ मध्यें खुले झाले. गर्दींतील माणूस सूचनेची पहिली चार अक्षरें वाचतो आणि पाऊल उचलतो. "शाळेंत पाणी" असें लिहूं नये. "दादर बाजूचें फाटक बंद, मागील फाटकानें यावें" असें लिहावें.

मजकुरास मर्यादाहि आहे. दोन्ही कंपन्यांच्या सेवेंत एका हांकेचा भार सुमारें ४०९६ बाइटांपर्यंतच चालतो. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हास तीन, आणि आपली मात्रा, वेलांटी, अनुस्वार हीं सर्व स्वतंत्र चिन्हें धरलीं जातात. 'करी रोड' ह्यांत सहा चिन्हें व एक मोकळी जागा, म्हणजे एकोणीस बाइट होतात. मराठींत लिहिणाऱ्यानें हा हिशेब आधींच करावा.

शेवटीं गुप्ततेचा प्रश्न. डबा मधल्या हातांतून जातो, पण त्याला कुलूप नसतें. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेचे सिनेटर रॉन वायडन ह्यांनीं पत्र लिहून उघड केलें कीं, सरकारें अ‍ॅपल व गूगल ह्यांच्याकडे सूचनांच्या नोंदी मागत असतात. सिग्नल नांवाचें संदेशाचें अ‍ॅप ह्यावर साधा उपाय करतें: त्याच्या हांकेंत मजकूर नसतोच, ती अ‍ॅपला फक्त जागें करते, आणि अ‍ॅप स्वतः जाऊन कुलूपबंद निरोप आणतें. हांक आणि निरोप वेगळे ठेवण्याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. तसेंच सर्व्हरला हांका धाडण्यासाठीं जी गुप्त किल्ली मिळते, ती अ‍ॅपच्या आंत कदापि ठेवूं नये. अ‍ॅप उकलून ती काढणें कठीण नसतें, आणि मग कोणीहि आपल्या शाळेच्या नांवानें साऱ्या पालकांस सुटी देऊन मोकळा होईल.

ज्यांस करून पाहावयाचें असेल त्यांनीं दोन अँड्रॉइड मोबाईल घ्यावे व एकाचें इंटरनेट बंद करावें. दोघांस एकाच खुणेच्या तीन सूचना, मध्यें पांच मिनिटें सोडून, धाडाव्या. मग बंद ठेवलेलें इंटरनेट सुरू करून कोणत्या यंत्रावर काय आलें तें वहींत लिहावें. त्यानंतर खूण काढून आणि मुदत दोन मिनिटांची ठेवून हाच प्रयोग पुन्हां करावा, व दोन्ही नोंदी आम्हांस आणून दाखवाव्या.